वजडीचा हिशेब

वजडी, फोफसा, मुंडी, पाय, रक्त. बोकडाच्या या भागांबद्दल पुण्याच्या पांढरपेशा वस्त्यांत दोन मतं ठामपणे मांडली जातात. पहिलं मत असं की हा सगळा टाकाऊ माल आहे. मटण तेवढं अन्न, बाकीची घाण, आणि ती दुकानाच्या दारात दिसताही कामा नये. दुसरं मत जरा शिकलेलं आहे. ते म्हणतं, वजडी हे मराठी साहित्यातलं विदारक प्रतीक आहे. दलित आत्मकथनात ती आली की माणसाच्या विटंबनेची खूण म्हणून वाचायची, सुन्न व्हायचं आणि पान उलटायचं. ही दोन्ही मतं चुकीची आहेत आणि दोघांची चूक एकच आहे. वजडी कुणाच्या वाट्याला आली, कुणी धुतली, काय भावाने गेली, कुणाच्या अंगी लागली, हा हिशेब दोघांनाही नको आहे.

तो मांडायला कर्वेनगरासारखी जागा नाही. जुनं हिंगणे बुद्रुक गाव, महर्षी कर्व्यांनी १९०० साली विधवांसाठीचा आश्रम जिथे आणला ती संस्था, मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज, शाहू कॉलनीच्या गल्ल्या, नदीच्या अंगाचे मोठे गृहप्रकल्प आणि वडारवस्ती, हे सगळं पायी फिरता येईल एवढ्या टापूत आहे. रविवारी सकाळी इथल्या एखाद्या मटणाच्या दुकानात उभं राहिलं की एकाच बोकडाची वाटणी डोळ्यांदेखत होते. ‘मांडीचं द्या, चरबी नको’ म्हणणारा एक. ‘थोडी कलेजी टाका, बाळाला’ म्हणणारी दुसरी. मुंडी आणि पाय नीट भाजून, केस जाळून हवेत म्हणून थांबलेला तिसरा. वजडी बहुतेक वेळा समोरच्या ओट्यावर नसतेच. ती खाली पातेल्यात असते, तिचं गिऱ्हाईक वेगळं आणि तिचा भाव मटणाच्या कितीतरी खाली.

आता वजनाचं बघावं. जिवंत बोकडाच्या वजनापैकी साधारण निम्मंच मटण म्हणून उतरतं. उरलेल्यात कातडं, रक्त, डोकं, खूर, पोटातले अवयव आणि पोटातला अर्धवट पचलेला चारा. चारा सोडला तर यातलं जवळजवळ सगळं कुणाच्या ना कुणाच्या उपयोगाला येतं. ते टाकाऊ म्हणणं म्हणजे ज्या जनावराचा जीव घेतला त्याचा मोठा हिस्सा फुकट घालवणं.

हे खाणं गरिबाघरचं, नाइलाजाचं, असंही ठासून सांगितलं जातं. महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरांत डोकावलं तर हे टिकत नाही. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरांत वजडी, भेजा आणि मुंडी हे जाणकाराचे पदार्थ आहेत. कोल्हापूरकडे रक्ती-मुंडी नाव काढून खातात. नागपुरात सावजी खानावळीत मुंडी आणि खूर मागवणारा माणूस खिशात पैसे नाहीत म्हणून ते मागवत नाही. पारशांची अलेटी-पलेटी ही कलेजी आणि पेटाचीच. गोव्यात ख्रिस्ती घरातलं लग्न किंवा नाताळ सोरपोतेलाशिवाय पुरा होत नाही, आणि सोरपोतेल म्हणजे डुकराचं काळीज, यकृत, काही घरांत रक्तसुद्धा, व्हिनेगरमध्ये मुरवून दोन-तीन दिवस चढत जाणाऱ्या चवीचं.

मग पुण्याच्या मध्यमवर्गीय मांसाहारी घरांतून वजडी गेली कशी? याचं उत्तर ती साफ करताना बघितलं की मिळतं. पोटाची पिशवी उभी चिरायची, आतला चारा उपडा करायचा, वाहत्या पाण्यात खळबळून काढायची. मग हात पोळेल एवढ्या गरम पाण्यात बुडवायची. पाणी कमी तापलं तर काळं साल सुटत नाही आणि फार तापलं तर ते उलट चिकटून बसतं, त्यामुळे हा अंदाज हाताला लागतो. सुरीच्या पाठीने खरवडत गेलं की काळ्याखालून टॉवेलसारखी पांढरी, दाट वीण दिसायला लागते. आतडी काडीवर उलटी करून धुवायची. मीठ-हळद चोळायची, पुन्हा धुवायची, बारीक चिरायची, आणि कुकरला मटणापेक्षा जास्त शिट्ट्या द्यायच्या. तासाभराचं तरी काम, आणि ते करणारी व्यक्ती बहुतेक घरांत बाईच. जुन्या घरांना परस होता, मोरी होती. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सिंक आहे, शेजारच्या दारापर्यंत जाणारा वास आहे, आणि बाई नोकरीवर आहे. वजडीची चव कुणी नाकारली नाही; ती धुण्याची जागा गेली, वेळ गेला, आणि बिनमोल राबणारा हात गेला, यातलं शेवटचं तर चांगलंच झालं. पण गैरसोयीमुळे सुटलेल्या गोष्टीला पुढे घाण ठरवायचं आणि जो अजून ती खातो त्याला कमी लेखायचं, हे अन्यायाचं आहे.

टाकाऊ म्हणणाऱ्यांना वैद्यकाचा इतिहास तर अजिबात साथ देत नाही. पर्निशियस ॲनिमिया हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हमखास जीव घेणारा आजार होता. १९२६ साली मायनॉट आणि मर्फी यांनी रुग्णांना रोज पाव किलोच्या आसपास यकृत खायला घातलं आणि माणसं वाचू लागली. व्हिपल, मायनॉट आणि मर्फी या तिघांना त्यासाठी १९३४ चं नोबेल मिळालं. यातला बी-१२ हा घटक वेगळा काढता आला तो थेट १९४८ मध्ये. तोवर औषध म्हणजे खाटकाकडचं यकृत.

या कथेचा एक मोठा धागा मुंबईतला आहे. लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आली आणि गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा अभ्यास तिने सुरू केला. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना तिच्या लक्षात आलं की या बायकांना यकृताचा साधा, फारसा शुद्ध न केलेला अर्क लागू पडतो आणि यीस्टपासून बनवलेलं मार्माइटही. १९३१ मध्ये तिने हे प्रसिद्ध केलं. तिने दाखवलेला अज्ञात घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. आज प्रत्येक गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात जी गोळी मिळते तिची सुरुवात गिरणगावातल्या या बायकांपासून झाली. पुण्याचंही यात नाव आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा १९९३ पासून अभ्यास केला. त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश बायकांच्या रक्तात बी-१२ कमी आढळलं, आणि आईचं बी-१२ कमी व फोलेट जास्त असेल तर मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती वाढते, हे त्यांनी २००८ मध्ये मांडलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक रक्तक्षयी निघाल्या.

लोह, फोलेट आणि बी-१२ हे तिन्ही भरपूर असलेलं स्वस्त अन्न म्हणजे कलेजी. गरोदरपणात ती सारखी खाऊ नये, कारण तिच्यातल्या जादा अ जीवनसत्त्वाने गर्भाला अपाय होऊ शकतो. युरिक ॲसिड वाढलेल्यानेही जपून खावी. आणि ज्याला मांस नको त्याने ते खावं असा आग्रह कुणी धरू नये, त्याच्यासाठी गोळी आहेच. पण अर्ध्याहून अधिक बायका रक्तक्षयी असलेल्या राज्यात कलेजीला आणि ती खाणाऱ्याला हिणवणं हा गुन्ह्याच्या जवळ जाणारा निष्काळजीपणा आहे.

जो वजडीचा वासही सहन करत नाही त्याच्या शरीरातही ती जाऊन आलेली असते, हे त्याला कुणी सांगत नाही. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन काढलं ते जनावरांच्या स्वादुपिंडातून, आणि नंतर साठ वर्षं जगभरच्या मधुमेह्यांचा जीव कत्तलखान्यांतून गोळा होणाऱ्या गाई-डुकरांच्या स्वादुपिंडांवर तगला. जनुकीय तंत्राने बनवलेल्या मानवी इन्सुलिनला अमेरिकेत मंजुरी मिळाली १९८२ मध्ये. रक्त गोठू न देणारं हेपॅरिन आजही मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात. डायलिसिसला, हृदयाच्या शस्त्रक्रियेला ते लागतं, आणि २०२०-२१ मध्ये कोविडच्या किती रुग्णांना त्याची इंजेक्शनं दिली गेली ते पुण्यातलं कुठलंही घर सांगेल. शरीरात विरघळून जाणारा कॅटगट टाका मेंढ्यांच्या नाहीतर गुरांच्या आतड्यांचा. कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं, म्हणजे हाडांचं आणि कातड्याचं. सारंगीच्या मुख्य तिन्ही तारा बकऱ्याच्या आतड्याच्या असतात, त्यांना तात म्हणतात. तिच्याशिवाय सारंगीला तो गळ्यासारखा आवाज नाही. एवढं सगळं वापरून झाल्यावर ते पुरवणाऱ्या माणसाला अस्वच्छ ठरवणं समाजाला शोभत नाही.

आणि टाकाऊ म्हणून टाकल्याने काय होतं? शेळ्या-मेंढ्यांच्या यकृतात आणि फुफ्फुसात कधीकधी हायडॅटिड नावाच्या गाठी असतात. त्या उघड्यावर टाकल्या, कुत्र्यांनी खाल्ल्या, की कुत्र्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून माती-भाजीवर येतात आणि माणसाच्या यकृतात तशाच गाठी वाढू लागतात, मग शस्त्रक्रिया. ही साखळी तुटते ती अवयव तपासून, खराब ते जाळून किंवा पुरून, चांगलं ते विकून. मांस तपासणारा पशुवैद्य मुळात हेच अवयव वाचतो. मांडीचा तुकडा बघून जनावर निरोगी होतं की नाही हे कळत नाही. ते यकृत, फुफ्फुस आणि लसिकाग्रंथी चिरून बघितल्यावर कळतं. ज्याला घाण म्हणतात तो भाग म्हणजे त्या मटणाचं प्रमाणपत्र.

कायदाही गाफील नाही. कत्तलखान्यांसाठीच्या २००१ च्या केंद्रीय नियमांनी परवाना असलेल्या जागेबाहेर कत्तलीला मनाई केली आणि एका पशुवैद्याने तासाला १२ आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरं तपासू नयेत असं बजावलं. पुणे महापालिकेचा कत्तलखाना कोंढव्यात, शहराच्या पार दुसऱ्या अंगाला. शहराचा पश्चिम भाग गेल्या तीस वर्षांत अफाट वाढला. तिथल्या मटणाच्या मागणीला अनुसरून तपासणीची सोय वाढवावी, असा आग्रह धरायला कुणी पुढे येत नाही, कारण त्यासाठी आधी या विषयाचं नाव उच्चारावं लागतं.

आता साहित्याकडे. दलित लेखकांनी मराठीत आतडी-कातडी आणून साहित्य ओंगळ केलं, ही तक्रार १९७० च्या दशकात उघड बोलली गेली आणि आज ती दबक्या, सभ्य रूपात जिवंत आहे. तिचं आजचं रूप म्हणजे ‘दाहक’, ‘विदारक’, ‘अंगावर येणारं’ ही ठरलेली विशेषणं. ही तक्रार करणाऱ्यांनी दासबोध नीट वाचलेला नसावा. त्याच्या तिसऱ्या दशकातला जन्मदुःखाचा समास गर्भाशयातली घाण, पित्त, कफ, जंत यांचं असं वर्णन करतो की भल्याभल्यांनी तोंड फिरवावं. तो समास घराघरांत वाचला जातो आणि त्याला कुणी ओंगळ म्हटलेलं नाही. वैराग्य शिकवण्यासाठी आतडी चालतात, आणि भुकेचं सांगण्यासाठी चालत नाहीत, असा हा नियम आहे. महाभारताच्या वनपर्वात कौशिक ब्राह्मणाला धर्म शिकवणारा व्याध मिथिलेच्या बाजारात मांस विकायला बसलेला आहे. मराठी संतपरंपरेने सजन कसायाला भक्तांच्या पंगतीत बसवलं आहे. मांसाचा ताजवा हा परंपरेला परका मुळीच नाही.

नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने १९७२ मध्ये जो धक्का दिला त्याचं स्पष्टीकरण अनेकांनी युरोपातल्या अतिवास्तववादात शोधलं. मुंबईत ढसाळांचे वडील खाटकाच्या दुकानात कामाला होते, ही साधी माहिती हाताशी असताना एवढं लांब जाण्याची गरज काय होती? लोंबतं मांस, रक्ताचं पाणी, हाडांचे ढीग हे त्या पोराने वडिलांच्या कामाच्या जागी बघितलेलं जग आहे. ते कल्पनेचं लेणं समजून वाचलं की कवीच्या घरातली मजुरी वाचकाच्या नजरेआड होते.

आत्मकथनांबाबत हे आणखी ठळक आहे. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ चं, बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपात १९८६ चं. मेलेल्या जनावरावर गिधाडांच्या आधी पोचायची धावपळ, सुऱ्या, वाटे, कुणाला काय मिळालं आणि कुणाला नाही, मांसाच्या चान्या वाळवून पुढच्या उपासमारीसाठी कशा ठेवल्या, हे या लेखनात बारकाव्याने येतं. हे बारकावे म्हणजे एका अर्थव्यवस्थेची नोंद आहे आणि ती दुसऱ्या कुणी ठेवलेली नाही. त्र्यंबक नारायण आत्र्यांच्या ‘गावगाड्या’त, १९१५ मध्ये, बलुतेदारांचे हक्क लिहिलेले आहेत, पण त्या हक्काने मिळालेलं मांस चुलीवर कसं गेलं हे तिथे नाही. ते बेबी कांबळेंकडे आहे.

ही नोंद नोंद म्हणून वाचायची रीत पुण्यात आणि मराठीत सुरूही झाली आहे. २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने शर्मिला रेगे यांच्या पुढाकाराने दलितांच्या अन्नाच्या आठवणी आणि इतिहास यांवर पुस्तक काढलं. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ चं. जनावराच्या कोणत्या भागाला महारवाड्यात-मांगवाड्यात काय म्हणतात, तो कसा चिरतात, कशात शिजवतात, हे पाटोळे सांगतात आणि त्याच ओघात जात सांगतात. तिथे वजडी पदार्थ म्हणूनच येते, आणि म्हणूनच ते पुस्तक अधिक अस्वस्थ करतं.

पदार्थ आधी पदार्थ म्हणून वाचला जाण्याची ही सोय इंग्रजी वाचकाने आपल्या लेखकाला केव्हाच दिली. जॉइसच्या कादंबरीतला लिओपोल्ड ब्लूम १९२२ पासून जनावराचे अवयव आवडीने खातो आहे. दर १६ जूनला डब्लिनमध्ये त्याचे वाचक न्याहारीला मूत्रपिंड तळून खातात आणि ब्लूम कुठल्या रस्त्यावरून ते आणायला गेला याचा नकाशा काढतात. तिथे ते मूत्रपिंड प्रतीकाआधी मूत्रपिंड आहे. मराठी समीक्षेने एवढा मान वजडीला अजून दिलेला नाही.

या सगळ्यावर एक आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस सोडा असं आपल्या लोकांना सांगितलं. लाखो घरांनी ते सोडलं, उपाशी राहून सोडलं. ते खाणं आता चविष्ट वारसा म्हणून मिरवणं हा त्या त्यागाचा अपमान होतो, असं अनेक आंबेडकरी कार्यकर्ते मानतात. त्यांच्या म्हणण्याचा मान ठेवूनच बोललं पाहिजे. बाबासाहेबांनी जे नाकारायला लावलं ते गावाने अंगावर टाकलेलं होतं: आपोआप मेलेलं जनावर ओढण्याची सक्ती आणि त्या बदल्यात त्याचं मांस. कापलेल्या, तपासलेल्या बोकडाची वजडी पैसे मोजून, आपल्या मर्जीने घेणं ही वेगळी गोष्ट आहे. सक्तीचा वाटा आणि बाजारातली खरेदी यांतला हा फरक जो पुसतो तो, मग तो सोसायटीतला तक्रारदार असो की खाद्यसंस्कृतीचा उत्साही प्रचारक, १९२७ चा अर्थ पुसतो.

प्रचारकाचा धोका आता वाढला आहे. लंडनमध्ये फर्गस हेंडरसन यांनी १९९४ मध्ये सेंट जॉन हे उपाहारगृह काढल्यापासून नाकापासून शेपटापर्यंत खाण्याची चाल जगभर पसरली, आणि भारतातल्या महागड्या हॉटेलांतही ती आली. रोममध्ये टेस्टाच्यो भागातल्या कत्तलखान्याच्या कामगारांना मजुरीत हेच अवयव मिळत, त्यांतून तिथली खास पाककृती उभी राहिली आणि रोमन माणूस ते कामगारांचं म्हणूनच अभिमानाने सांगतो. पुण्यात वजडी काचेच्या ताटलीत यायची असेल तर जरूर यावी, पण पाककृती कुणाच्या आईची आहे ते पाटीवर लिहून यावी.

मागण्या साध्या आहेत. पश्चिम पुण्यासाठी महापालिकेने तपासणीची सोय असलेला छोटा, आधुनिक कत्तलखाना उभारावा. तिथे मटणाबरोबर कलेजी, वजडी, मुंडी यांवरही तपासणीचा शिक्का बसावा, आणि वजडी यंत्रावर साफ करून, थंड राखून, भाव लिहून विकली जावी, म्हणजे ती धुण्याचं काम बायकांच्या गळ्यात राहणार नाही. औषधाला, चामड्याला, वाद्यांना जे लागतं ते वेगळं गोळा व्हावं, आणि साफसफाईच्या मजुरांना हातमोजे, लस आणि कायम नोकरी मिळावी. मराठीच्या प्राध्यापकांनी ‘जिणं आमुचं’ शिकवताना त्यातल्या वाट्यांचा तक्ता विद्यार्थ्यांकडून फळ्यावर लिहून घ्यावा. आणि कर्वेनगरातल्या ज्या सोसायट्या मटणाच्या दुकानाविरुद्ध अर्ज करतात त्यांनी दुकान हलवण्याची मागणी सोडून महापालिकेकडे पशुवैद्याची मागणी करावी. त्या अर्जावर वडारवस्तीतले रहिवासीही सही करतील.